अवेळची नौबत

सावलीत नगारा परातीसारखा दिसतो.

धामनोदहून ट्रक आला. मागे केळी, पुढे ड्रायव्हरशेजारी उसना कॅमेरा.

संस्थान विलीन झालं. कचेरीला नवा चुना लागला.

कॅमेऱ्याला किल्ली द्यावी लागते. ती संपली की पडद्यावरचा माणूस अर्ध्या पावलावर राहतो.

हे सगळं एकाच उन्हाळ्यात झालं, आणि नीलकंठ कॅमेरा शिकला. तो धारच्या शाळेत मास्तर, आणि बापूसाहेबांचा जावई. बापूसाहेब पूर्वी दरबारात कारभारी होते. नीलकंठला वाड्याच्या नगारखान्यातल्या नौबतीवर छोटी फिल्म करायची होती. पण नौबत झडायची पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हा उजेड नसतो. म्हणून त्याने नगारा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या दत्ताजींना सकाळी दहाला वाजवायला सांगितलं.

"भिया, अवेळी नौबत म्हणजे दरबार," दत्ताजी म्हणाले. "मानकरी निघायचे घरातून."

"आता कोण निघतंय, काका?"

"न निघालेलं बरं. बसवणार कुठं त्यांना?"

दहाला नौबत झडली. भाजीवाल्यांनी वर पाहिलं, हसल्या, परत तोलायला लागल्या.

मग गल्लीतून बापूसाहेब आले. अंगरखा, उपरणं, लाल पगडी. इकडेतिकडे न बघता ते वाड्याच्या दरवाजापाशी गेले. दरवाजाला कुलूप होतं. त्यांनी मुजरा केला आणि आले तसे परत गेले. नीलकंठने कॅमेरा थांबवला नाही.

घरी इंदूने विचारलं, "बाबा कुलपाला मुजरा करून आले?"

"फिल्ममधला सगळ्यात चांगला तुकडा तोच आहे."

"अहो, त्यांना वाटलं असेल बोलावणं आलं. गाव हसेल त्यांना. काढा तो."

"काढला तर उरतं काय? नगारा आणि हात."

"मग नगारा आणि हात दाखवा."

तुकडा काही दिवस खुंटीला लोंबत राहिला. विचारलं तर बापूसाहेबांना आणखी लागेल, असं दोघांनाही वाटलं. नीलकंठने तुकडा वगळून उरलेली फिल्म चिकटवली.

चिकटवलेल्या जागी चित्र उडी मारतं. हेही तो शिकला.

शाळेत चादर लावून फिल्म दाखवली. बापूसाहेब पहिल्या रांगेत होते. राजगढचे त्यांचे जुने स्नेही उदाजीराव यांना त्यांनी मुद्दाम बोलावून आणलं होतं. नगारा. हात. पुन्हा नगारा. एक उडी. चादर पांढरी झाली.

"संपलं, जावईबापू?"

"हो."

उदाजीराव वळले. "बापूसाहेब, तुम्ही कुठं होतात यात?"

"असेन कुठं तरी मागं," बापूसाहेब म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

नौबत झडली त्याच्या आदल्या संध्याकाळी दत्ताजींनी बापूसाहेबांना घरी जाऊन सांगितलं होतं: उद्या दहाला वाजवणार आहे, जावयाच्या कॅमेऱ्यासाठी.