उपाशी नाक

थोरल्याने टाकीला नाक लावल्याशिवाय त्या घरात सकाळचा चहा होत नसे. बापाने घालून दिलेली रीतच तशी होती. पेट्रोलची गळकी टाकी गॅसच्या ज्योतीने झाळायची असेल, तर आदल्या दिवशी ती सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची, तोंडाला बूच मारून ठेवून द्यायची आणि सकाळी उपाशीपोटी, चूळसुद्धा साध्या पाण्याने भरून, बूच काढून हुंगायची. पोट भरलं की नाक आळशी होतं, असं बापाचं ठाम मत. आत पेट्रोलची वाफ उरली असेल तर ज्योत लागताक्षणी टाकीचा बाँब होतो, हे त्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. म्हणून थोरल्याने ‘स्वच्छ’ म्हटल्याशिवाय धाकटा गॅस पेटवत नसे.

बाप जाताना सांगून गेला होता, धाकट्याला हात आहे आणि थोरल्याला नाक आहे, दोघं मिळून दुकान चालवा. तेव्हापासून थोरल्याचं नावच ‘नाक’ पडलं. टाकीत रॉकेल मिसळलंय का, गाडी किती महिने उभी होती, हे तो बूच काढून सांगायचा. लोक गंमत बघायला थांबायचे. थोरलाही वरवर कपाळाला आठ्या घालायचा, पण आतून सुखावायचा. हातोडी त्याला कधी नीट धरता आली नाही, झाळकाम तर नाहीच. त्याच्याकडे काय होतं ते एवढंच.

आणि ते हिवाळ्यातल्या तापात गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली. एका सकाळी तो चुलीशी बसून पेपर वाचत असताना दूध उतू जाऊन करपलं, स्वयंपाकघर करपट वासाने भरलं, तरी गडी मजेत राशिभविष्य वाचतोय. बायको धावत आली. “अहो, नाकाला कुलूप लावलंय का?” ती म्हणाली. तो हसला. मग मोरीत जाऊन त्याने साबण हुंगला, रॉकेलचा डबा हुंगला, शेवटी स्वतःचा घामेजलेला सदरा हुंगला. काहीच नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं.

तेव्हाच भावाला सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस असा सरळ वागेल तर मग काय हवं! येईल परत, आठवड्याभरात येईल, असं तो स्वतःला सांगत राहिला. आणि सांगायचं तरी काय? की आजपासून मी दुकानात नुसता बसायला येतो? गल्लीने धाकट्याचं दुकान म्हणायला किती वेळ लागला असता? तो घाबरला होता. त्या भीतीला त्याने सावधगिरी असं नाव दिलं. एकदा धुवायची टाकी तो दोनदा धुवायला लागला. सकाळी बूच काढून डोळे मिटायचा, पूर्वीसारखाच जरा वेळ थांबायचा, आणि म्हणायचा, “स्वच्छ.” दूधवाल्याच्या स्कूटरची टाकी तशी गेली. लग्नाच्या हॉलच्या जनरेटरची गेली. काही झालं नाही, आणि काही होत नाही याची त्याला सवय लागली.

मग लायब्ररीतल्या बाई ती लष्करी मोटरसायकल घेऊन आल्या, म्हणजे टेम्पोत घालून आल्या. त्यांचे वडील तरुणपणी लष्करात निरोप्या होते; एका छावणीतून दुसऱ्या छावणीत कागद पोचवायचे, ते ह्याच गाडीवरून. गाडी भंगारात निघाली तेव्हा त्यांनीच ती विकत घेतली होती. आता ते अंथरुणाला खिळले होते. बोलणं जवळजवळ गेलं होतं, पण खिडकीखाली गाडी सुरू झाली तर ओळखतील, असं बाईंना वाटत होतं. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नव्हते. इंजिन एका जुन्या मिस्त्रीने चालू करून दिलं होतं. अडलं होतं ते टाकीपाशी.

टाकी मात्र बघण्यासारखी होती. जाड पत्र्याची, दोन्ही बाजूंना गुडघे टेकून टेकून घासलेली. धाकट्याने रंग खरवडला तर हिरव्याखाली मातकट पिवळा निघाला, आणि त्याखाली हाताने रंगवलेला पांढरा आकडा. डाव्या अंगाला पोचा होता, तो त्याने आतून वाकडी सळई घालून, बाहेरून लाकडी हातोडीने इतक्या हळुवारपणे काढला की बाई बघतच राहिल्या. आतला गंज काढायला साखळीचा तुकडा आणि मूठभर खडी घालून दोघा भावांनी टाकी आळीपाळीने घुसळली. तांबडं पाणी निघालं, मग गढूळ, मग नितळ.

पण खालच्या सांध्याला भोकं होती. साध्या टाकीत पाणी भरून काम भागतं. पाणी असलं की वाफेला जागा उरत नाही. इथे ते चालेना. सांधा अगदी तळाशी, पत्रा जाड, मागे पाणी असलं की सगळी उष्णता तेच पिऊन टाकायचं आणि भोकं बुजवायचं पितळ वितळून बसायचंच नाही. टाकी कोरडीच हवी होती. म्हणजे सगळी भिस्त नाकावर. त्यात आत कुणीतरी कधीकाळी गळती थांबवायला लाखेसारखा मुलामा ओतला होता, आणि असा मुलामा महावस्ताद. त्याच्या पापुद्र्याखाली पेट्रोल मुरून बसतं आणि हळूहळू बाहेर येतं. थोरल्याला हे भावापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून पहिल्या सकाळी तो म्हणाला, “वास आहे अजून.” टाकी पुन्हा धुतली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. रात्रभर वडिलांजवळ बसल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“आणखी एक दिवस?” त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

धाकटा वैतागला होता. “दादा, आता काय अत्तर ओतायचं का त्यात? का नाक म्हातारं झालं तुझं?”

तो थट्टेत बोलला. वर्षानुवर्षं दोघं अशीच एकमेकांची टर उडवायचे. पण थोरल्याच्या काळजात ते सुरीसारखं गेलं. ह्याला कळलं, असंच त्याला वाटलं. शेजारचा पंक्चरवाला हसत होता. बाई बघत होत्या. थोरल्याने टाकी जवळ ओढली, तोंडाला नाक लावलं, डोळे मिटले.

काहीच नव्हतं. त्याच्यासाठी कशातच काही नव्हतं.

“मघाशी पेट्रोल हातालाच लागलं होतं माझ्या,” तो म्हणाला. “स्वच्छ आहे. घे झाळायला.”

“हां, आता कसं!” म्हणत धाकट्याने टाकी उपडी करून वाळूच्या पिशवीवर बसवली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. आता चहाला मोकळीक मिळाली, म्हणून त्याची बायको आतून कप घेऊन आली. टाकीजवळून जाताना तिने नाक जरासं आकसलं आणि टाकीकडे वळून बघितलं. मग थोरल्याकडे बघितलं, आणि कप ठेवून आत गेली.

थोरल्याने ते पाहिलं. लख्ख पाहिलं. ‘थांब’ हा शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण आत्ताच स्वच्छ म्हणालो, आता काय कारण सांगू, हे शोधण्यात एक श्वास गेला. तेवढ्यात धाकट्याने ज्योत सांध्याला लावली होती.

आवाज तिठ्यापर्यंत गेला म्हणतात. थोरल्याला तो ऐकू आल्याचं आठवत नाही. त्याला आठवतं ते एवढंच, की टाकी केळीच्या सालासारखी उलगडून छताला जाऊन आपटली आणि भाऊ पाठीवर पडून दोन्ही हातांनी चेहरा शोधत होता. बाईंना दारात असल्यामुळे खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांनीच ओरडून रिक्षा थांबवली. त्यांच्या वडिलांच्या खिडकीखाली ती गाडी काही वाजली नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

धाकट्याचा एक डोळा तिथेच गेला होता. दुसऱ्याचं डॉक्टर नक्की सांगत नव्हते. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांत होती, आणि ती पुन्हा हातोडी धरतील का हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती. तो बोलायला लागल्यावर थोरला त्याच्या खाटेशी बसला. धाकट्याने चाचपडत त्याचा हात धरला आणि भलतंच बोलायला लागला.

“दादा, तू जिवाला लावून घेऊ नको. चूक माझीच आहे रे. मला वास आला होता.”

थोरल्याने त्याचं पांघरूण सारखं केलं.

“जवळ वाकलो ना, तेव्हा चांगला आला. पण म्हटलं, दादा म्हणतोय स्वच्छ, म्हणजे आपल्याच कपड्यांना लागलं असेल. हिलाही आला होता, म्हणाली मला काल. तीही तेच समजली. तुझ्यापुढे आमची नाकं ती काय!” तो हसायला गेला, पण भाजलेला गाल ताणला गेला आणि हसू तिथेच थांबलं.

त्या क्षणी थोरल्याला गप्प बसता आलं असतं. भाऊ स्वतःहून सगळं अंगावर घेत होता, दुकानाची इज्जत राहत होती, आणि जगात कुणाला काही कळणार नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली, कारण हा हिशेबही त्याच्या मनात होऊन गेला.

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “तापापासून. कशाचाच येत नाही.”

पलीकडच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता.

“दूधवाल्याची टाकी?” धाकट्याने विचारलं.

“तीही तशीच.”

“जनरेटरची? तेव्हा तर ही पोटुशी माझ्या शेजारी उभी होती.”

थोरल्याने मान हलवली. मग भावाला दिसत नाही हे ध्यानात येऊन तोंडाने म्हणाला, “हो.”

“‘तू बघ’ म्हणायचं होतंस, दादा.” धाकट्याचा आवाज चढला नाही. “एवढंच. धाकट्या, तू जरा बघ. मला नाक होतं की.”

इतक्या महिन्यांत हे थोरल्याच्या मनातही आलं नव्हतं, खरंच आलं नव्हतं, आणि ते सांगणं तर सगळ्यात वाईट झालं असतं. धाकट्याने त्याच्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

“हिला आत पाठव,” तो म्हणाला. “आणि तू घरी जा.”

थोरला उठला. दाराबाहेर बाकावर भावजय बसली होती, मांडीवर तान्हं. तिने लगबगीने उठून त्याला जागा दिली. “बसा, भाऊजी,” ती म्हणाली, “सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या.”