अंगठा आणि फोन

दादासोंनी बावीस वर्षं सैन्यात वायरलेस सेट सांभाळला आणि निवृत्तीनंतर पाचगणीच्या प्रियदर्शनीबाईंची जुनी विलायती गाडी. त्या गाडीत दोन सीटांच्या मधे बिनवायरीचा फोन होता. हातात घ्यायचा तो नुसता बोलण्या-ऐकण्यापुरता. खरं यंत्र डिकीत, त्याला स्वतःचं सिम आणि टपावर अँटेना. म्हणून खिशातला मोबाईल जिथं मान टाकायचा, तिथंही हा चालायचा. बाई त्याचं रिचार्ज कधी चुकवत नसत. ही थेरं कशाला, म्हणून दादासो मनातल्या मनात हसायचे.

एका सकाळी दरीतल्या बाईंच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात त्यांच्या बायकोला, अंबूबाईला, घोणस चावली. दादासोंनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी हाणली. वाईच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची पुरेशी लस आहे का, हे आधी कळायला हवं होतं आणि मोबाईलला रेंज नव्हती. चढावर गाडी थांबवून त्यांनी तो फोन उचलला. डॉक्टरांचा नंबर तोंडपाठ होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

दादासोंचा अंगठा आपोआप कडेच्या बटणावर गेला. बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं. बावीस वर्षांची सवय ती. "डॉक्टरसाहेब, मंडळीला साप चावलाय, ओव्हर!"

"हॅलो? आवाज येत नाही."

त्यांनी बटण आणखी जोरात दाबलं, घसा फोडून ओरडले. काही नाही. अंगठा सोडून बायकोला म्हणाले, "सेट मेला गं!"

"आता ऐकू आलं! काय मेलं?" पलीकडून डॉक्टर.

दादासोंनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तिकडून "हॅलो, हॅलो". अंबूबाईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, पण नजर शाबूत होती.

"आवं, त्यो अंगठा काढा की! दाबला की तुमचाच आवाज बंद पडतोय. ही काय तुमची छावणी हाय व्हय?"

अंगठा सुटला आणि सगळं भडाभडा सांगून झालं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडं थोडीच लस आहे. बाकीची साताऱ्याहून आत्ता मागवतो. तुम्ही निघा, पाय हलू देऊ नका."

दवाखान्यात असलेली लस संपत आली, तेवढ्यात साताऱ्याची पोचली. थोडा उशीर झाला असता तर हाताला काही लागलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई चहा मागू लागली. दादासोंनी डॉक्टरांपुढं हात जोडले, नर्सपुढं जोडले, बाईंना फोन करून "लय उपकार झालं" म्हणता म्हणता भर व्हरांड्यात रडले. मग कॉटपाशी येऊन बसले.

"तुझं बी उपकार हायत," ते म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच.

"माझं कशाला? जीव तर माझाच हुता न्हवं."

"व्हय. पर मागं एकटं मला ऱ्हायला लागलं असतं."

 सुजलेला पाय जपत अंबूबाई थोडी सरकली आणि त्यांना कॉटवर जागा करून दिली.