साडेपस्तीस
मुलखाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तापीकाठचा केळीवाला दगा शनवारा पेठेतल्या शाळेचा जिना ताडताड चढून गेला. मागून त्याची लेक अलका. चाचणीत नापास झाली म्हणून तिला विज्ञानाच्या वर्गातून काढायचं घाटत होतं, आणि आज दुपारी हेडमास्तरांकडे अशा नावांची यादी जायची होती.

प्रयोगशाळेत नंदकुमार मास्तर बाटल्या पुसत होते. दगानं पेपर टेबलावर आपटला.

"मास्तर, पस्तीस आन् सदतीसच्या मधी काय येतं?"

"छत्तीस."

"मग पोरीनं काय येगळं लिहिलं? तिला शून्य कशापायी?"

"बसा, दगाभाऊ. क्लोरीनचे अणू दोन वजनांचे. काही पस्तीसचे, काही सदतीसचे. गुण तेच, तक्त्यातली जागा तीच, वजन तेवढं निराळं. त्यांना समस्थानिक म्हणतात. सगळ्यांची सरासरी म्हणजे अणुभार. तो साडेपस्तीस येतो."

"एकबी अणू साडेपस्तीसचा नाही, मग हे वजन कोणाचं?" दगाला वाटलं, आता मास्तर अडकले.

"एकट्या कोणाचंच नाही. तुमच्या बागेतला घड किती शेरांचा?"

"नव्या लागवडीचा सोळा. जुन्या खोडाला फुटलेल्या पिलाचा दहा."

"व्यापाऱ्यानं वानगीला एक हा, एक तो काट्यावर टाकला आणि सगळी बाग तेरा शेरांची धरली, तर चालेल?"

"वा रे वा! कालच भांडलो एकाशी त्याच्यावरून! माझ्या बागेत चारातले तीन घड मोठे. तीन सोळं अठ्ठेचाळीस, वर दहा, अठ्ठावन्न. करा चार भाग. साडेचौदा! आता एकबी घड साडेचौदाचा नसंल, पण गाडी भरली की..."

दगानं टेबलावरचा पेपर पुन्हा जवळ ओढला.

"क्लोरीनच्या चार अणूंत तीन पस्तीसचे," मास्तर हळूच म्हणाले.

दगानं चाळिशीत, प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी लेकीची वही तो तपासायचा. घरात त्याच्या पेन्सिलीपुढे कोणाचं चालत नसे. आता त्यानं अलकाच्या हातातली वही घेतली आणि पान उघडून मास्तरांपुढे धरलं. तिथं साडेपस्तीसच लिहिलेलं होतं. त्यावर जाड रेघ, आणि शेजारी वाकड्या अक्षरात छत्तीस.

"हे मी खोडलं. पोर सांगत होती, आबा, चारातले तीन. मी दटावलं तिला. पेपरात तिनं माझंच लिहिलं. काढायचं तर मला काढा, मास्तर."

"तुम्ही माझ्या वर्गात नाही, म्हणून वाचलात," मास्तर म्हणाले. "पेपरातले गुण बदलणार नाहीत. पण यादी जाईपर्यंत तोंडी विचारायचा मला अधिकार आहे. अलका, फळ्याकडे जा. बोरॉनच्या पाच अणूंत एक दहाचा, चार अकराचे. अणुभार काढ."

अलकानं खडू उचलला आणि सवयीनं बापाकडे पाहिलं. दगाच्या ओठांवर एक उत्तर आलं होतं. ते बरोबर की चूक, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तो उठला, खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. खाली इतवारा बाजाराकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग मागे फळ्यावर खडू वाजू लागला.

"दहा पूर्णांक आठ दशांश," अलका म्हणाली.

"बरोबर." मास्तरांनी यादीतलं तिचं नाव खोडलं. "दगाभाऊ, झालं. या इकडे."

दगा वळला नाही. त्याचा हिशेब अजून बोटांवरच चालू होता.