गालावरचा तीळ आणि एजंट भूचाल

मुलुंडच्या सहदेव परबांकडे रविवारी प्रांजलला बघायला मुलगा आला. हा मुलगा, सौरभ, गेली दोन वर्षं प्रांजलला बघतच होता, फक्त सहदेवना ते माहीत नव्हतं.

सहदेवना लव्ह मॅरेज मान्य नव्हतं. "आधी सगळं ठरवायचं आणि मग बापाला सांगायचं. म्हणजे बाप काय हॉलचा मॅनेजर?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून सौरभच्या शकुमावशीने 'एक चांगलं स्थळ आहे' असं सांगून सौरभलाच पुढे केलं होतं, आणि आज दोघं एकमेकांना 'पहिल्यांदा' भेटत होते. बिंग फुटलं तर लग्न विसरायचं. सहदेव एकदा नाही म्हणाले की नाहीच.

"एकच लक्षात ठेव," प्रांजलने सौरभला फोनवर बजावलं होतं. "पप्पांनी एजंट भूचालचा विषय काढला की 'पहिला बेस्ट' म्हणायचं आणि गप पोहे खायचे."

एजंट भूचाल हा हिंदी सिनेमातला गुप्तहेर. चाळीसेक वर्षं झाली तरी रिटायर होत नाही. हीरो थकला की दुसरा हीरो घेतात आणि भूचाल परत तिशीचा होतो. सहदेव पहिल्या भूचालचे भक्त. तो पोट सांभाळत धावायचा, अडकित्त्यात लपवलेल्या ट्रान्समीटरवर बोलायचा आणि वेषांतर म्हणून गालावर एक तीळ लावायचा. बस, तेवढंच. सौरभ तिसऱ्या भूचालचा माणूस. तो इमारतींवरून उड्या मारतो आणि इंटरव्हलनंतर रडतो. त्याच्या फॅन ग्रुपचा सौरभ अ‍ॅडमिन होता.

प्रांजलने मान खाली घालून पोहे दिले. तिची आई रत्नप्रभा हिने सौरभसमोर चहा ठेवला, न विचारता, बिनसाखरेचा. सौरभ बिनसाखरेचाच पितो. सहदेवांचं लक्ष नव्हतं.

"सिनेमे बघता काय?" त्यांनी विचारलं. "भूचाल वगैरे?"

"हो काका. पहिला बेस्ट," सौरभने एका दमात सांगितलं आणि चमचा तोंडात कोंबला.

सहदेव खूश झाले. तिथेच विषय संपायला हवा होता.

"नायतर तो तिसरा. त्याला गुप्तहेर कोणी केला? बहिणीची पाठवणी असल्यासारखा रडतो."

सौरभने पोहे गिळले. मग बटाटा गिळला. राग काही गिळता येईना.

"रडतो कारण तो माणूस वाटतो, काका. पहिल्याचं काय होतं? गालावर तीळ लावला की सख्खी बायको ओळखत नाही. 'कोण आपण?' म्हणून विचारते."

"माका सांगतस?" सहदेवांचं 'तुम्ही' गेलं आणि मालवणी आली. "मी तो सिनेमा भांडुपला बघितलाय. अख्खं थिएटर फसलं होतं."

"थिएटर कसं फसेल? तीळ लावताना दाखवतात ना."

"तरी फसलं," सहदेव म्हणाले. "आणि तुझ्या तिसऱ्यासाठी कोण रडलंय? एक माणूस दाखव."

"प्रांजल रडलीय. घाटकोपरला. माझा अख्खा शर्ट भिजवला."

पंखा फिरत राहिला.

"पोहे काय मस्त झालेत गं," सौरभबरोबर आलेली शकुमावशी म्हणाली. ते खाऊन संपले होते.

सहदेव प्रांजलकडे वळले. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"ह्या घरात आला होता?"

"गणपतीला. माझ्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर."

"खोटं. गणपतीला येणारा एकूण एक माणूस मी ओळखतो. मी दारात उभा असतो."

"आरतीला तुमच्या बाजूलाच होता, पप्पा. झांज वाजवत होता."

"तो ठेका चुकणारा? तो वेगळा. त्याच्या गालावर..." सहदेव थांबले.

"पुढे स्थळ म्हणून यायचं होतं ना," प्रांजल हळूच म्हणाली. "म्हणून मी त्याला तीळ लावला होता. बाकी काही नाही, फक्त तीळ."

सहदेव उठले. आता हे दार उघडून आपल्याला बाहेर काढणार, असं समजून सौरभने दाराजवळच्या आपल्या चपला नजरेने शोधल्या. पण सहदेव आत गेले आणि रत्नप्रभाची काजळाची डबी घेऊन आले. त्यांनी सौरभची हनुवटी धरली, गालावर बोट टेकवलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"अगो," ते बायकोला म्हणाले, "ह्यो तर झांजवालो."

मग रुमालाने तीळ पुसला. "आता सौरभ." परत लावला. "झांजवालो." परत पुसला. सौरभचा एक गाल काळा पडला.

"चाळीस वर्षं," सहदेव खुर्चीत बसत म्हणाले. "तिळाने माणूस फसतो म्हटलं की ऑफिसात हसले मला. सोसायटीत हसले. हिचा भाऊ राजाराम तर अजून हसतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच बाजूला उभं राहून..." त्यांनी रागावलेला चेहरा करायचा प्रयत्न केला, पण तो काही टिकेना. "मला फसवलंत तुम्ही."

"सॉरी, काका."

"सॉरी कसलं? पूर्ण फसवलंत. मला तर जरासुद्धा संशय आला नाही. कोणालाच आला नसणार."

रत्नप्रभाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. प्रांजलने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"चहा आणते अजून," रत्नप्रभा म्हणाली. "बिनसाखरेचा."

"माझी एक अट आहे," सहदेव म्हणाले.

सौरभचा चेहरा पडला. "तिसरा रडका आहे, असं ग्रुपवर टाकू का?"

"तुझा ग्रुप तुझ्याकडे ठेव. साखरपुड्याला राजाराम येईल. तू तीळ लावून जेवण वाढायचं. त्याला दोनदा आमटी वाढायची. मग मी खूण केली की त्याच्यासमोर तीळ पुसायचा."

"आणि ओळखलं तर?"

"कसा ओळखेल?" सहदेव खरोखर चकित झाले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि पहिल्यांदाच ते सासऱ्यासारखे बोलले. "आणि हे बघ, गणपतीच्या आत झांज शिकून घे. माझ्या आरतीची पार वाट लावली होतीस."