बंद वखार

वाऱ्यानं भुकटी उडू नये म्हणून निपाणीच्या त्या वखारीत तंबाखू बडवताना दारं-खिडक्या लावून घेत. बायकांनी श्वास कुठून घ्यायचा, त्याचं कुणाला पडलंय! त्या दिवशी खोकता खोकता अंबुबाई रक्त ओकली आणि कोसळली.

"दार उघड रं, मरंल ती!" तिची जाऊ मालुबाई ओरडली.

"माल उडंल," मुकादम मष्णू कडीवर हात ठेवून म्हणाला. "मालकानं यंदा दुसरी वखार बांधलीया. धंदा लई वाढलाय."

"वखार वाढली, आमची छाती हाय तेवढीच हाय!"

हातातलं बडवायचं दांडकं तिनं त्याच्या मनगटावर हाणलं. हाड कडाडलं. दार उघडलं, वारा आत घुसला. पण अंबुबाईनं तोवर मान टाकली होती.

मष्णू मात्र दुसऱ्या, धड हातानं उडती भुकटी गोळा करत होता.

मालुबाईनं तोही मोडला.