एव्हिसची कवळी

आम्ही दोघी न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाच्या. तिकडे उन्हाळा म्हणजे पाऊस जरा कोमट पडतो, एवढंच. मी नोलीन आणि माझी मैत्रीण एव्हिस. दोघी विशीच्या. ऑस्ट्रेलियात एक हंगाम काम करायचं, मग सिडनी बघायची आणि घरी परत यायचं, असा बेत. बोटीवर एकीने सांगितलं की व्हिक्टोरियात गोलबर्न नदीच्या काठी फळं डबाबंद करायचे कारखाने आहेत, तिथे हंगामात पोरींना हवं तेवढं काम मिळतं.

"फळांचंच तर काम," एव्हिस म्हणाली. "सावलीत बसायचं आणि पीच खायचे."

या वाक्यावरून मी तिला पुढे जन्मभर चिडवलं.

पत्र्याची शेड, बाहेर भाजून काढणारं ऊन, आत वाफ. पीच सोड्याच्या कढत पाण्यातून सोलून निघायचे, यंत्र त्यांचे दोन तुकडे करून बाठ काढायचं आणि मग ते अर्धे पीच एका लांब रबरी पट्ट्यावरून आमच्यासमोरून वाहत जायचे. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आम्ही बायका उभ्या. बाठीचा तुकडा, सालाची चिंधी, डागाळलेली फोड दिसली की उचलायची. सकाळपासून भोंग्यापर्यंत एवढंच. पण रस हातमोज्यात उतरून बोटांची सालटी निघायची, आणि पलीकडे पीच टाकीत ओतताना उडणारी त्यांची लव मानेत, नाकात, डोळ्यांत जायची. पहिल्या दिवशी तर तासाभरात मला वाटायला लागलं की पट्टा थांबलाय आणि मीच शेडसकट मागे चालले आहे. पट्टा खरोखर थांबला की नव्या पोरी एकदम पुढे कलंडायच्या. जुन्या बायका या करमणुकीची वाटच बघत असायच्या.

आमच्या पट्ट्याच्या म्होरक्या प्राउटबाई. गावातल्याच, अंगाने आडव्या. कारखाना उभा राहिला त्या वर्षापासून दर हंगामात त्याच जागी उभ्या. ती जागा त्यांची होती, चर्चमधला बाक असावा तशी. पट्टा थांबवायची लाल दोरी त्यांच्या डोक्यावर लोंबायची, पण ती सहसा कुणी ओढत नसे. ओढली की पर्यवेक्षक पेंगेलीसाहेब धावत येत, कारण मागे पीच साचत आणि हवेने काळे पडत.

"ए न्यूझीलंड!" प्राउटबाई मला ओरडायच्या. "बोटीतून उतरलीस तू आता. नीट उभी राहा की!"

आता एव्हिसच्या दातांचं सांगायला हवं. आमच्याकडे त्या काळी, आणि ऑस्ट्रेलियातही, मुलगी लग्नाला आली की तिचे सगळे दात, किडके आणि धडके, एकाच बैठकीत उपटून कवळी बसवायची पद्धत होती. पुढे दातदुखीची कटकट नाही आणि होणाऱ्या नवऱ्याला दंतवैद्याचा भुर्दंड नाही. बऱ्या घरचे बाप मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून कवळी द्यायचे. एव्हिसच्या वडिलांचं मटणाचं दुकान जोरात चालायचं, त्यामुळे तिला वरची आणि खालची, दोन्ही मिळाल्या. माझ्या वडिलांनी मला घड्याळ दिलं. तिचे ते एकसारखे पांढरेशुभ्र दात बघून मी कित्येक दिवस धुमसत होते. माझे दात तोंडात राहिले ते निव्वळ गरिबीमुळे.

तिची वरची कवळी मात्र पुढे जराशी सैल झाली. कडक काही चावता येत नसे, आणि शिंक आली की ती तोंडावर हात घट्ट दाबून धरायची. पण त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. ओताव्हियो भेटेपर्यंत.

ओताव्हियो इटलीहून आलेला. आवारातून फळांचे खोके गाडीवर उचलून शेडमध्ये आणायचा. कारखान्यात सगळ्या इटालियनांना सरसकट टोनी म्हणायचे. कुणी हाक मारली की चारचार माना वळायच्या. एव्हिस एकटीच त्याचं खरं नाव घ्यायची, आणि मला वाटतं तो तिथेच पाघळला. चहाच्या सुट्टीत तो रोज एक पेअर घेऊन यायचा. हिरवा, कडक, दगडासारखा. शर्टाला पुसून तिच्यापुढे धरायचा.

"खा. आमच्या गावी असाच खातात. टच्चकन. माझी आई सत्तरीची आहे. अजून अक्रोड दातांनी फोडते."

एव्हिस ओठ मिटून गोड हसायची, पेअर अॅप्रनच्या खिशात टाकायची, आणि त्याची पाठ वळली की माझ्या हातात कोंबायची.

"खा लवकर. देठसुद्धा दिसता कामा नये."

"अगं, कालचाच अजून पोटात आहे माझ्या. सांगून टाक ना त्याला एकदाचं."

"काय सांगू? तुझी आई अक्रोड फोडते आणि माझे दात रात्री पेल्यात झोपतात, असं?"

"मग? माझ्या आईचेही पेल्यातच झोपतात. प्राउटबाईंचेही झोपत असतील."

"त्यांना कुणी नाचायला विचारलंय का?"

तर मुख्य गोष्ट ही होती. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच असायचा आणि ओताव्हियोने तिला विचारलं होतं. तिने ओठ न उघडता हो म्हटलं होतं. निळा झगासुद्धा इस्त्री करून खिळ्याला टांगला होता.

"एकदा नाचू दे मला त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "मग सांगेन. मग पळून गेला तर जाऊ दे."

त्या आठवड्यात उन्हाने कहर केला. शेडमध्ये लवेचं नुसतं धुकं. मी बाठी वेचत होते आणि शेजारी एव्हिसने शिंक दिली. दोन्ही हात पीचांत होते तिचे, तोंडावर न्यायला वेळच मिळाला नाही. मग ती माझ्याकडे वळली. डोळे बशीएवढे, आणि नाकाखालचा सगळा चेहरा आत गेलेला. मला वाटलं उष्माघात झाला.

तिने पट्ट्याकडे बोट दाखवलं.

अर्ध्या पीचचा आणि वरच्या कवळीचा आकार सारखाच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तसाच बाक, तशीच खोलगट, रंगही फार वेगळा नाही. हजारो पीचांच्या गर्दीत एव्हिसचे दात ऐटीत निघाले होते, आणि पट्ट्याच्या टोकाला डबे भरायचं फिरतं चाक होतं. डब्यात गेले की वर पाक, त्यावर झाकण. डबे इंग्लंडला जायचे, तिथे कुणीतरी रविवारच्या जेवणानंतर डबा उघडणार.

मी दोरीकडे हात टाकला. एव्हिसने माझं मनगट असं पकडलं की वळ उठले. मान जोरात हलवली. नको. दोरी ओढली की साहेब येणार, साहेब आले की कारण विचारणार, आणि पट्टा थांबला की खोके उन्हात का ताटकळताहेत ते बघायला ओताव्हियो आत येणार.

मी प्राउटबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी एकदाच एव्हिसच्या तोंडाकडे बघितलं.

"वरची?"

"वरची."

"आणि तो पेअरवाला?"

"त्याला माहीत नाही."

पुढचं काही त्यांना सांगावं लागलं नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कुजबूज सरकत गेली, पीचांच्याही पुढे. शेवटच्या टोकापर्यंत बायका कोपरापर्यंत हात घालून चाचपायला लागल्या. इतक्या मन लावून पीच कधी कुणी निवडले नसतील. "सापडली!" म्हणून एकीने बाठ उचलली, दुसरीने गांधीलमाशी पकडली आणि किंचाळली. कवळी मात्र सगळ्यांच्या बोटांखालून निसटत चाकावर गेली. प्राउटबाईंनी शेवटी स्वतःच दोरी ओढली.

पट्टा थांबला. सवयीप्रमाणे मी पुढे कलंडले.

पेंगेलीसाहेब आले. सुकडे, चष्मेवाले, नेहमी घाईत. "काय झालं? कोणी ओढली?"

"मी ओढली, केन," प्राउटबाई म्हणाल्या. "मला जरा भोवळ आली."

"तुम्हाला? तुम्हाला आजवर कधी भोवळ आली नाही."

"म्हणून तर आली. एवढ्या वर्षांची साचलेली."

साहेबांचं लक्षच नव्हतं. ते चाकाकडे बघत होते. पुढे झाले, एका डब्यात दोन बोटं घातली आणि पीचच्या दोन अर्ध्यांमधून एव्हिसचे दात बाहेर काढले. पाण्यातून ओढलेला मासा धरावा तसे वर धरले.

"हे कोणाचे?"

बरोबर त्याच वेळी ओताव्हियो दारातून आत आला, टोपी मागे सारून. एव्हिस माझ्या पाठीमागे सरकली. माझ्या खांद्याला तिचं कपाळ टेकलेलं मला कळत होतं.

"मी विचारतोय, हे कोणाचे? कोणी बोललं नाही तर वर कचेरीत जातील आणि चौकशी होईपर्यंत तिथेच राहतील. पुढच्या आठवड्यापर्यंत."

शनिवार परवावर आला होता.

"माझे," प्राउटबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे तर तोंडात दिसताहेत."

प्राउटबाईंनी शांतपणे तोंडात हात घातला, दोन्ही कवळ्या काढल्या आणि अॅप्रनच्या खिशात टाकल्या. "आता?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा झाला होता.

"नाही, माझे आहेत," पलीकडून आवाज आला. तिनेही काढले. मग तिच्या शेजारणीने. मग त्या गांधीलमाशीवालीने. एकेक खिसा भरत गेला आणि एकेक तोंड रिकामं होत गेलं. बघता बघता पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोळक्या बायकांच्या रांगा, छाती काढून उभ्या. दात असलेली आमच्या पट्ट्यावर एकटी मीच उरले, आणि खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा आवाज चिरकला. "एक कवळी आणि इतक्या मालकिणी?"

"केन, तू रांगत होतास तेव्हापासून मी तुला ओळखते," प्राउटबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "आण इकडे."

"बसल्या तर तुमच्या. नाही बसल्या तर वर कचेरीत."

"बघ बसतात की नाही." त्यांनी ती कवळी साहेबांच्या हातातून घेतली, अॅप्रनला दोनदा पुसली आणि तोंड उघडलं.

माझ्या खांद्यावरचं कपाळ नाहीसं झालं.

"थांबा!" एव्हिस पुढे गेली. "थांबा बाई. माझे आहेत ते."

शब्दांना कडा नव्हत्या, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. ती मुद्दाम दाराकडे तोंड करून उभी राहिली. हात तोंडावर नेला नाही.

"माझे आहेत," ती ओताव्हियोला म्हणाली. "सगळेच खोटे. खालचेसुद्धा. माझे खरे चांगले होते, पण वाढदिवसाला काढले."

ओताव्हियोने तिच्याकडे पाहिलं. बोळक्या रांगांकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर मोठी आठी पडली.

"वाढदिवसाला?"

"हो. भेट म्हणून."

"म्हणजे चांगले दात काढले... आनंदाने?"

"आमच्याकडे असंच करतात."

त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. मला वाटलं, आता हा जातो. एव्हिसलाही तेच वाटलं असावं, कारण तिने हात पाठीमागे बांधून घेतले, मार खायला उभं राहावं तसे.

"मग पेअर?" त्याने विचारलं.

"काय पेअर?"

"माझे पेअर. रोज झाडाखाली जाऊन सगळ्यात कडक निवडायचो. दाबून, वाजवून. ते कोणी खाल्ले?"

एव्हिसने माझ्याकडे बघितलं. प्राउटबाईंनी माझ्याकडे बघितलं. साऱ्या रांगेने माझ्याकडे बघितलं. त्या अख्ख्या दिवसात ओताव्हियो फक्त एकदाच रागावला, आणि तो माझ्यावर.

"सगळे?" तो म्हणाला.

"देठासकट," मी म्हटलं.

आधी हसली ती एव्हिस. तोंड उघडून, हिरड्या दाखवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ती बोळकी रांग हसली, आणि त्या हसण्याचा आवाज इतका विचित्र होता की पलीकडच्या पट्ट्यावरच्या बायका बघायला आल्या. पेंगेलीसाहेबांनी स्वतःच पट्टा सुरू केला आणि निघून गेले. कवळ्या नळाखाली धुऊन तोंडांत परतताना दोन शेजारणींच्या कवळ्यांची अदलाबदल झाली, ते त्यांच्या संध्याकाळी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ओताव्हियो आला. हातात पेअर होताच, तसाच हिरवा दगड. तो माझ्याकडे पाठ करून बसला, मुद्दाम. खिशातून चाकू काढला आणि पेअर कापायला लागला. इतक्या पातळ चकत्या, की धरून बघितल्या तर पलीकडचा उजेड दिसावा. एकेक चकती चाकूच्या पात्यावरून एव्हिसला देत होता. ती एकेक जिभेवर ठेवून खात होती. भोंगा झाला तरी दोघं उठले नाहीत, आणि प्राउटबाई त्या दिवशी कुणावर ओरडल्या नाहीत.

शनिवारी ते नाचले. निळा झगा छान दिसत होता. सिडनी आम्ही बघितलीच नाही. ती लग्न करून इथेच राहिली आणि मी तिच्या सोबतीला म्हणून राहिले ती राहिलेच.

ओताव्हियोचे दात पन्नाशीत गेले. सगळे, एकामागून एक, आणि कुणी भेट म्हणून काढलेले नव्हेत. त्यांच्या न्हाणीघरात आता दोन पेले शेजारी शेजारी असतात. पण हंगाम सुरू झाला की तो अजून माझ्या दारात येतो, पायरीवर उभा राहतो आणि कडक पेअर पुढे करतो.

"घे, नोलीन. तुझाच आहे. पहिल्यापासून तुलाच तर जात होते."

माझे दात अजून माझेच आहेत, पण आता त्या पेअरसमोर त्यांचं काही चालत नाही. मी तसं म्हटलं की तो "हरले एकदाचे!" म्हणतो, पायरीवरच बसतो आणि चाकू काढतो.