शमूनीची तेलाची कुपी

शमूनी निघाली होती ती कुपी परत करायलाच. जुन्या सिरियातल्या एदेसा शहराजवळच्या एका गावात बायांचा बाप्तिस्मा असला, की पडद्याआड गार पाण्यात उतरून त्यांच्या अंगाला डोक्यापासून पायापर्यंत सैतानाला दूर ठेवणारं पवित्र तेल चोळायचं, हे तिचं काम. पुरुष बाहेर पाठ फिरवून उभे राहत. पण आता गुडघ्यांनी दगा दिला होता. दुसरी कुणी बघा, एवढं सांगून तिला सुटायचं होतं.

ख्रिस्ती मंडळीचे नवे वडील, म्हणजे धर्मगुरू, अब्शलामा अंगणात उपासाची भाकर मिठाला लावून खात होते.

"बरं झालं आलीस, मावशी. यंदापासून बायांनी तेलाला हात लावायचा नाही. मी पडद्यातून हात घालून कपाळाला लावीन."

"आणि बाकीचं अंग सैतानाला ठेवायचं?"

"लोक बोलतात गं. घरोघर हिंडणाऱ्या बाया, कुणाकुणाजवळ बसतात..."

"आजाऱ्यांजवळ बसते. तुझी आई तापाने फणफणली होती, तेव्हा नाही बोललं कुणी!"

"पण प्रभूचे शिष्य पुरुषच होते ना?"

"हो, आणि प्रभूला क्रूसावर दिलं तेव्हा पळाले ते कोण? कबर रिकामी आहे, प्रभू उठलाय, हे सांगत कोण आलं? तेव्हाही पुरुषांना ती बायकांची बडबडच वाटली."

बोलता बोलता शमूनीला स्वतःचाच कंटाळा आला. आधीच्या वडिलांनाही तिने हेच सांगितलं होतं, त्यांच्या आधीच्यांनाही. दर वेळी पहिल्यापासून.

"कुपी ठेवून जा," अब्शलामा मऊपणे म्हणाले. "गुडघे दुखतात तुझे. आता विसावा घे."

हेच ऐकायला ती आली होती. पण आज कुपी ठेवली, की उद्या हेच सांगणार, बाईने आपण होऊन सोडलं. मग ती कुठल्याच बाईच्या हाती यायची नाही. तिला राग आला, आणि त्याहून जास्त रडू.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" म्हणत ती कुपी शालीत घालून चालू लागली.

बाप्तिस्म्याच्या सणाच्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी पडद्याआड जाऊन बसली. तिथे येऊन कुपी काढून घेणं कुणाही पुरुषाला शक्य नव्हतं. मदतीला विणकराची शलमत होती, गेल्या सणाला बाप्तिस्मा झालेली. बाप्तिस्म्याची पहिली बाई पाण्यात उभी होती; तिच्याजवळ उतरताना शमूनीचा पाय लटपटला, तसं शलमतने शमूनीला धरलं.

"मावशी, दमलात हो तुम्ही."

"फार दमले गं," शमूनी म्हणाली. तिने पायरीवर बसकण मारली आणि कुपी शलमतच्या हाती दिली. "तिच्या डोक्यापासून सुरू कर. घाबरू नको."

बाहेरून अब्शलामांचा आवाज आला, "मावशी, आत काय चाललंय?"

"नवा हात आहे, वेळ लागेल. तू पाठ फिरवून उभा राहा!"